पाळीच्या दिवसांत मुलीची शाळा बुडू नये म्हणून: शाळेने काय आणि कसे करावे

दुसऱ्या तासाला एका मुलीला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले जाते आणि ती उठत नाही. गणित तिला येते. कालच तिने त्याच पद्धतीचे उदाहरण सोडवले होते. तरी ती "येत नाही" म्हणते, बोलणी खाते आणि बसून राहते. घंटा झाल्यावर बाकीच्या मुली बाहेर पडेपर्यंत ती वहीत काहीतरी लिहिल्यासारखे करते, मग उठून आधी बाकावरून हात फिरवते, आणि दप्तर पाठीला न लावता कमरेच्या खाली मागच्या बाजूला धरून भिंतीच्या कडेने चालू लागते. हजेरीपटावर त्या दिवशी ती उपस्थित असते. पुढचे दोन दिवस मात्र ती येत नाही.

पाळीच्या काळात लागणारे साहित्य विकत घेण्याची ऐपत नसणे, ते बदलायला आडोसा, पाणी आणि साबण नसणे, पोट दुखत असेल तर साध्या गोळीचीही सोय नसणे आणि आपल्या शरीरात काय चालले आहे हे कोणी सांगितलेलेच नसणे, या सगळ्याला मिळून 'पिरियड पॉव्हर्टी' म्हणतात. मराठीत त्याला पाळीचे दारिद्र्य म्हणू. यातल्या पहिल्याच गोष्टीकडे सर्वांचे लक्ष जाते, कारण पॅडचे खोके नेऊन देता येते आणि दिल्याचे समाधानही मिळते. मीही सुरुवातीची काही वर्षे तेच करत होते. एका शाळेला आम्ही वर्षाच्या सुरुवातीला दिलेली खोकी वर्षअखेरीस जवळजवळ तशीच भरलेली सापडली. कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत होते, किल्ली शिपायांकडे होती, आणि पॅड घेताना वहीत नाव, इयत्ता आणि सही करायची होती. वहीत 'कारण' असाही एक रकाना आखलेला होता. शाळेच्या हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक काढता आली नसती. फक्त तो रकाना भरायला एकही मुलगी गेली नाही.

त्या वहीनंतर आम्ही कामाचा क्रम बदलला. पुढे जे सांगितले आहे ते मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळा समितीचे सदस्य आणि शाळेला मदत करू इच्छिणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे.

आधी आपल्या शाळेचे मोजा

पाळीमुळे मुलींची किती शाळा बुडते याचे मोठमोठे आकडे फिरत असतात. ते आपल्या शाळेला चिकटवू नका, कारण काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांतही उत्तरे जागेनुसार फार वेगळी येतात. नेपाळमधील चितवन येथे एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी काही मुलींना मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचे रक्त साठवण्यासाठी योनीत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा लवचिक कप, देऊन हजेरीची तुलना केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाळीमुळे बुडालेली शाळा १८० दिवसांच्या वर्षात अर्ध्या दिवसापेक्षाही कमी भरली आणि कप दिल्याने त्यात फरक पडला नाही. युगांडाच्या कामुली जिल्ह्यातील ८ शाळांचा २०१६ चा अभ्यास मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. तिथे सर्वच शाळांत मुलींची हजेरी काळानुसार घसरत गेली, पण ज्या शाळांत पुन्हा वापरता येणारे पॅडही दिले नाहीत आणि वयात येण्याविषयी शिकवलेही नाही, तिथली घसरण इतरांपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी अधिक होती. एका ठिकाणी अडचण साहित्याची असते, दुसऱ्या ठिकाणी दुखण्याची, तिसऱ्या ठिकाणी बंद दाराची. आपल्याकडे कोणती आहे हे आपल्यालाच शोधावे लागते.

सुरुवात हजेरीपटापासून करा. वरच्या चार-पाच इयत्तांचे मागचे तीन महिने घ्या आणि महिन्यातून सलग दोन-तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलींचा आकृतिबंध दिसतो का ते पाहा. पूर्ण दिवसांइतकेच अर्धे दिवसही महत्त्वाचे आहेत: मधल्या सुट्टीनंतर "बरे वाटत नाही" म्हणून घरी गेलेल्या मुली बहुतेक शाळांत कुठल्याच नोंदीत येत नाहीत. खेळाच्या तासाला कोण कडेला बसते हे खेळाच्या शिक्षकांना पाठ असते, त्यांना विचारा. ही पाहणी एका शिक्षिकेपुरतीच ठेवा आणि संख्या काढून झाली की नावांचा कागद फाडून टाका. हजेरीपटात किंवा रजेच्या अर्जावर कोणाच्याही नावासमोर पाळीचा उल्लेख कधीही करू नका. "आरोग्याचे कारण" एवढे पुरते.

हजेरीपट काय झाले ते सांगतो. का झाले ते मुलींनाच विचारावे लागते, आणि तोंडी विचारले तर "काही नाही, बाई" हेच उत्तर मिळते. म्हणून बिननावाची चिठ्ठी द्या. ती वर्गातल्या सर्व मुलींना द्यायची, पाळी सुरू झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही, म्हणजे कोण लिहीत आहे यावरून काही कळत नाही. ज्यांची सुरू झालेली नाही त्यांनी फक्त स्वच्छतागृहाविषयीचे उत्तर लिहायचे. चार प्रश्न पुरेसे होतात. मागच्या पाळीत शाळेच्या वेळेत पॅड किंवा कापड बदलता आले का, आणि नसेल तर कशामुळे? मागच्या पाळीत पूर्ण किंवा अर्धा दिवस घरी राहिलात का, आणि त्याचे मुख्य कारण साहित्य नसणे, दुखणे, डागाची भीती की स्वच्छतागृह? घरात साहित्य किती जणींत वाटून घ्यावे लागते? आणि शाळेचे स्वच्छतागृह वापरायचे टाळत असाल तर तिथे कोणती एक गोष्ट बदलावी? चिठ्ठ्या बंद पेटीत टाकायच्या. त्या वेळी वर्गात पुरुष शिक्षक नसावेत आणि त्या गोळा करण्याचे काम एखाद्या विद्यार्थिनीला सांगू नये, कारण मुलींना एकमेकींचे अक्षर ओळखता येते.

मग तिचा दिवस घड्याळ लावून चालून पाहा

एका शिक्षिकेने मोठ्या वर्गातल्या दोन-तीन तयार मुलींना सोबत घेऊन, पाळी चालू असलेल्या मुलीचा दिवस घरून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंत कागदावर मांडावा. शाळेचे सहा तास आणि जाण्यायेण्याचा दीड तास धरला तर ती साडेसात तास घराबाहेर असते. पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलायचा असतो, जास्त रक्तस्राव असलेल्या पहिल्या दोन दिवसांत त्याहून लवकर. म्हणजे शाळेत किमान एकदा बदलल्याशिवाय तिचा दिवस पार पडतच नाही. बदलता येत नसेल तर ती सकाळपासून पाणी पिणे टाळते, दोन पॅड किंवा कापडावर कापड लावून येते, किंवा येतच नाही.

आता मधल्या सुट्टीचा हिशेब करा, कारण बहुतेक शाळांची अडचण इथे आकड्यांत पकडता येते. साधनांची टंचाई असलेल्या शाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दिलेले मापदंड २५ मुलींमागे एक शौचालय असे आहे. सुट्टी वीस मिनिटांची धरली तर एका मुलीच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात पाच दिवस पाळी असते असे धरले, तर २५ पैकी चार-पाच मुलींची पाळी कोणत्याही दिवशी चालू असते. पॅड काढणे, गुंडाळणे, नवीन लावणे, हात धुणे याला घाई केली तरी तीन-चार मिनिटे लागतात. त्या चौघी-पाचजणींनीच वीसपैकी पंधरा-अठरा मिनिटे घेतली की उरलेल्या वीस मुली दाराबाहेर उभ्या असतात आणि दार वाजवत असतात. मापदंड तंतोतंत पाळणाऱ्या शाळेचे हे चित्र आहे.

यावर सर्वांत स्वस्त उपाय नियमाचा आहे: स्वच्छतागृहात जायला तासाच्या वेळेतही परवानगी हवी, आणि ती मागावी लागू नये. वर्गाच्या दाराशी खिळ्याला एक पुठ्ठ्याचे कार्ड टांगा. ज्याला जायचे आहे त्याने कार्ड घ्यावे, जाऊन यावे, परत टांगावे. शिक्षकांनी शिकवणे थांबवू नये आणि "आत्ताच तर सुट्टी झाली" असे म्हणू नये. कार्ड मुलगे आणि मुली दोघांसाठी एकच ठेवा, नाहीतर कार्ड हातात घेणे म्हणजेच जाहीर करणे होते. काही शिक्षकांना शिस्तीची काळजी वाटते. पहिला आठवडा कार्डाचा थोडा गैरवापर होतो, तो होऊ द्यावा. नवलाई लवकर ओसरते. परीक्षेच्या दिवसांसाठी हाच नियम लेखी काढा, कारण पर्यवेक्षक बाहेरचे असतात आणि तीन तासांच्या पेपरला उठण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही.

स्वच्छतागृह आतून तपासा

पाहणीच्या वेळी बहुतेक माणसे दारात उभी राहून आत डोकावतात. तसे करू नका. आत जा, दार लावा, आणि दोन मिनिटे उभे राहा. कडी आतून लागते का, की दोरी धरून ठेवावी लागते? दार बंद झाल्यावर हातातले दिसेल एवढा उजेड उरतो का? दाराखालच्या किंवा झडपेच्या फटीतून कोणी पाहू शकते का? दप्तर किंवा ओढणी अडकवायला खुंटी आणि नवीन पॅड ठेवायला कोरडी फळी आहे का, की ते तोंडात किंवा काखेत धरावे लागेल? पाणी आतच आहे का? नळ बाहेर उघड्यावर असेल तर मुलीला हाताला लागलेले रक्त घेऊन सर्वांसमोरून जावे लागते, आणि ते टाळण्यासाठीच ती पॅड बदलत नाही. एक आरसा कमरेच्या उंचीवर बसवा, म्हणजे मागे डाग पडला आहे का ते तिला स्वतः पाहता येईल. मैत्रिणीला "मागे बघ ना" म्हणत व्हरांड्यात थांबावे लागणार नाही.

मुलींचे स्वच्छतागृह वेगळे असणे ही चैन नव्हे, याला चांगला आधार आहे. भारतात २००३ मध्ये सुरू झालेल्या शालेय शौचालय बांधणीचा अर्थतज्ज्ञ अंजली अडुकिया यांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांची पटसंख्या कोणतेही शौचालय झाले तरी वाढली, पण वयात येणाऱ्या मुलींना खरा फायदा झाला तो त्यांच्यासाठी स्वतंत्र शौचालय झाले तिथे. मात्र स्वतंत्र बांधून त्याला कुलूप लावले तर ते नसल्यासारखेच आहे. "घाण होते म्हणून बंद ठेवतो" हे कारण मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी किल्ली कोणाकडे आहे हेच सर्वांत आधी विचारते.

घाण होण्यामागे बहुतेक वेळा कचरापेटीचा अभाव असतो. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार मुलींच्या स्वच्छतागृहात पाळीच्या कचऱ्यासाठी पेटी असलेल्या शाळा जगभरात ३१ टक्केच आहेत. पेटी नसली की वापरलेले पॅड भांड्यात जाते. त्यातला शोषक पॉलिमर पाणी पिऊन फुगतो, वरचा प्लास्टिकचा थर कुजत नाही, नळी तुंबते आणि मग "मुलींनी खराब केले" म्हणून कुलूप लागते. प्रत्येक शौचालयाच्या आत, पायाने उघडणारी झाकणाची पेटी ठेवा. बाहेर सामाईक जागेत ठेवलेली पेटी कोणी वापरत नाही. शेजारी कागदाचे तुकडे अडकवून ठेवा, म्हणजे पॅड गुंडाळून टाकता येईल. पेटी रोज रिकामी झाली पाहिजे. ते काम करणाऱ्या व्यक्तीला हातमोजे, पेटीत घालायच्या पिशव्या आणि त्या कामाचा मोबदला मिळतो का, हे शाळा समितीने स्वतः पाहावे. पॅड जाळण्याची छोटी यंत्रे शाळांना हौसेने भेट दिली जातात. ती घेण्याआधी थांबा: कमी तापमानाला प्लास्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो आणि यंत्र बिघडले की दुरुस्तीला सहसा कोणी येत नाही. कचरा नियमितपणे उचलून नेण्याची व्यवस्था शक्य असेल तर ती अधिक बरी.

पॅड: किती, कोणाला, कुठून

एका मुलीला एका पाळीत साधारण २० पॅड लागतात असे धरा. वर्षाला बारा-तेरा पाळ्या म्हणजे २४० ते २६०. शाळेत पाळी सुरू झालेल्या १०० मुली असतील तर कोणत्याही दिवशी त्यांपैकी १८ जणींची पाळी चालू असते. प्रत्येकीला शाळेच्या वेळात सरासरी दीड पॅड लागते असे मानले तर दिवसाला २७ आणि २०० दिवसांच्या शालेय वर्षाला ५,४०० पॅड होतात. त्याच १०० मुलींची वर्षाची पूर्ण गरज मात्र २५,००० च्या आसपास आहे. शाळेतल्या कपाटातून फक्त "अडीनडीला एक" दिले तर गरजेचा पाचवा हिस्सा भागतो.

हा फरक नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण अनेक योजना इथेच फसतात. ज्या मुलीकडे सकाळी घरून निघताना लावायला पॅड नाही, ती शाळेच्या कपाटापर्यंत पोहोचतच नाही. कपाट उपयोगी पडते ते अचानक पाळी आलेल्या मुलीला. घरात साहित्यच नसलेल्या मुलीला महिन्याचे पाकीट आगाऊ, घरी नेण्यासाठी द्यावे लागते, आणि ते देताना तिच्या आईला व बहिणींनाही त्यातलेच लागणार हे गृहीत धरावे लागते. चिठ्ठीतला "किती जणींत वाटून घ्यावे लागते" हा प्रश्न त्यासाठीच आहे. "आम्ही तुझ्यासाठी दिले, बहिणीला का दिलेस" असे विचारण्यापेक्षा पाकीट मोठे करा.

गरजू मुली निवडायला जाऊ नका. निवड केली की यादी होते, यादी कोणाच्या तरी तोंडून वर्गात जाते आणि ज्यांना गरज आहे त्याच नको म्हणतात. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सर्व मुलींना सारखीच बंद पिशवी द्या, ज्यांना नको त्यांनी ती परतीच्या पेटीत टाकावी. तेवढा साठा नसेल तर सर्वांना अर्धे द्या आणि उरलेले स्वच्छतागृहातल्या फळीवर उघडे ठेवा. "मुली नेतील" अशी भीती घातली जाते. नेतीलच, त्यासाठीच ठेवले आहे. पहिल्या महिन्यात साठा भराभर संपतो, कारण पुढच्या वेळी मिळेल याची खात्री नसते. फळी दोन-तीन महिने सलग भरलेली दिसली की उचल स्थिरावते. स्कॉटलंडने २०२० मध्ये पाळीचे साहित्य मोफत देण्याचा कायदा संमत केला आणि तो ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण लागू झाला. त्यात साहित्य सहज मिळावे, घेणाऱ्याचा मान राखला जावा आणि प्रकारांची निवड असावी, या तिन्ही अटी लिहिलेल्या आहेत. आपल्या कपाटाला या तीन अटी लावून पाहिल्या तर वही, सही आणि किल्ली आपोआप बाद होतात.

प्रकार ठरवताना मुलीच्या घराचा विचार करा. धुऊन वापरायचे कापडी पॅड वर्षानुवर्षे टिकतात आणि कचरा कमी होतो, पण ते आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे लागतात. पाणी दुरून आणावे लागत असेल, किंवा पॅड उघड्यावर वाळत घालणे शक्य नसल्यामुळे ते दुसऱ्या कपड्याखाली दमट राहणार असेल, तर हे साहित्य तिला खाज, पुरळ आणि संसर्ग देईल. मेन्स्ट्रुअल कप एकदा बसवला की बारा तासांपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचा दिवस बदलल्याशिवाय निभतो. मात्र तो बसवायला सराव आणि स्वच्छ हात लागतात आणि प्रत्येक पाळीनंतर तो उकळावा लागतो. कप कोणावरही लादू नये आणि एकमेव पर्याय म्हणून तर मुळीच देऊ नये.

शाळेत गणवेशाच्या खालच्या भागाचे चार-पाच मापांचे जादा जोड आणि अंतर्वस्त्रांची काही नवी पाकिटे ठेवा. अंतर्वस्त्राशिवाय चिकटणाऱ्या पॅडचा उपयोग नाही, ही अगदी साधी गोष्ट मदतीच्या यादीतून हमखास सुटते. गणवेशाचा खालचा भाग पांढरा किंवा फिकट असेल तर तो गडद करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडा.

दुखण्याकडे गंभीरपणे पाहा

चिठ्ठ्या उघडल्यावर अनेकदा साहित्यापेक्षा दुखण्याचे कारण जास्त वेळा निघते. पाळीच्या वेळी गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांमुळे स्नायू आवळले जातात आणि कळा येतात. काही मुलींना त्याच कारणाने उलट्या किंवा जुलाबही होतात. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधे ही द्रव्येच कमी करतात, म्हणून ती कळा वाढायच्या आधी, काही खाल्ल्यावर घेतली तर अधिक उपयोगी पडतात. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून औषधासाठी लेखी संमती घ्या, त्यात ॲलर्जी, दमा आणि पोटाच्या विकारांची चौकशी करा, आणि कोणती गोळी किती द्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरम पाण्याची पिशवी आणि अर्धा तास आडवे होण्याची जागा यांना संमती लागत नाही. तेवढ्यानेही काही मुली घरी न जाता पुढच्या तासाला वर्गात परततात.

काही लक्षणे दिसली तर पालकांना बोलावून मुलीला डॉक्टरकडे पाठवावे: दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालणे, दोन पाळ्यांत तीन महिन्यांचे अंतर पडणे, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणे, किंवा गोळी घेऊनही दर महिन्याला अंथरूण धरावे लागणे. सतत थकलेल्या आणि फिकट दिसणाऱ्या मुलीला "आळशी" म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत पाळी अनियमित असणे मात्र नेहमीचे आहे, हे मुलींना आवर्जून सांगा. अचानक येणारी पाळी हीच त्यांची सर्वांत मोठी धास्ती असते.

शिकवणे

हे पाळी सुरू होण्याआधी व्हायला हवे. काही मुलींची नवव्या-दहाव्या वर्षी सुरू होते, त्यामुळे वरच्या वर्गातला आरोग्याचा धडा त्यांच्यासाठी उशिरा येतो. पाठ्यपुस्तकातल्या गर्भाशयाच्या आकृतीपेक्षा हातात पॅड घेऊन, कागद काढून, कापडावर चिकटवून दाखवलेले जास्त लक्षात राहते. भिजवलेले पॅड कापून आतला फुगलेला जेलही दाखवा, म्हणजे ते भांड्यात का टाकायचे नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. मुलग्यांनाही हाच तास द्या. डाग पाहून हसणारा वर्ग हे मुलींनी घरी राहण्याचे एक मोठे कारण आहे, आणि ते कुठल्याही पॅडने दूर होत नाही. पुरुष शिक्षकांसाठी एक वेगळी बैठक घ्या आणि त्यात एकच गोष्ट पक्की करा: मुलीने बाहेर जायचे म्हटले तर कारण विचारायचे नाही.

पैसा मागताना

सरकार किंवा देणगीदाराकडे जाताना वरचा १०० मुलींचा हिशेब आपल्या पटसंख्येवर बसवून न्या आणि त्यात पॅडबरोबर पेट्या, पिशव्या, साबण, हातमोजे आणि सफाईचा मोबदलाही लिहा. हे खर्च वर्षभर चालणारे असतात, आणि देणगीदारांना एकदाच फीत कापता येईल असे काहीतरी हवे असते. केनियाने २००४ मध्ये पाळीच्या साहित्यावरचा कर काढला, भारताने २०१८ मध्ये आणि ब्रिटनने २०२१ मध्ये. कर निघणे योग्यच, परंतु जिच्याकडे मुळात पैसे नाहीत तिच्या हातात त्यामुळे पॅड येत नाही. केनियाने २०१७ मध्ये शिक्षण कायद्यात केलेली दुरुस्ती म्हणूनच अधिक पुढची आहे: सरकारी शाळेतल्या वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पुरेसे आणि चांगल्या दर्जाचे पॅड मोफत द्यायचे आणि त्यांच्या विल्हेवाटीची सुरक्षित व्यवस्थाही करायची, असे त्यात एकत्र लिहिले आहे. अर्ज लिहिताना हा नमुना समोर ठेवावा.

एक सत्र झाले की तोच हजेरीपट आणि त्याच चार प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुन्हा काढा. हजेरी सुधारली नसेल, पण शाळेत पॅड बदलता न आलेल्यांची संख्या निम्म्यावर आली असेल, तर काम चालले आहे. चिठ्ठ्यांत दुखण्याचेच कारण वर राहिले असेल तर पुढच्या सत्राचा पैसा पॅडवरून काढून विश्रांतीच्या खोलीकडे आणि डॉक्टरांच्या भेटींकडे वळवा. दीर्घ सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलीला दोन महिन्यांची पिशवी द्या, आणि फळी व कचरापेट्या शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीच भरून, पुसून ठेवा. पहिल्या दिवशीसुद्धा शंभरातल्या अठराजणींची पाळी चालू असणार आहे.